पेण अकरा किलोमीटर

१३ मे, मंगळवार

विशालला त्याच्या कंत्राटदाराने जानेवारीत ही डायरी दिली. पाच महिन्यांत त्याने तिच्यात एकच ओळ लिहिली : ‘गाडीचं ऑइल बदलणे.’ आजपासून ही माझी. (नवऱ्याला मी तोंडाने कधी नावाने हाक मारत नाही. पण वहीत कोण ऐकतंय?)

लिहायचं कारण, निकेशने आज रिक्षा विकली. नऊ वर्षं रोज सकाळी सातला मी त्याच्या रिक्षाने पेणला कामाला जात होते. आता तो डोलवीला कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागला. पेढे द्यायला आला होता. मी पेढा खाल्ला, छान झालं म्हटलं, आणि तो गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की उद्यापासून मी कामाला जाणार कशी.

एसटी नऊला. आगगाडी त्याहून उशिरा. आमचे हैबतशेठ आठला कारखान्याचं दार उघडतात आणि सव्वाआठला तोंड फिरवतात. विशालच्या शिफ्टचा काही नेम नसतो, आणि वडखळपासून त्याची वाट वेगळी, माझी वेगळी.

मी गणपतीचे डोळे आखते. अंगाला रंग कुणीही देतं, सोनेरी रंगाचं काम किमया नावाची पोरगी करते, पण डोळे आख्ख्या कारखान्यात मी एकटी. सहा वर्षं नुसते पितांबर रंगवले तेव्हा कुठे डोळ्यांपर्यंत पोचले. चतुर्थी सत्तावीस ऑगस्टला आहे. आत्ता घरी बसले तर पुन्हा पायापासून सुरुवात.

१७ मे, शनिवार

माझा भाऊ आदेश टेम्पोत घालून सायकल घेऊन आला. त्याच्या मुलीची. ती कॉलेजात गेली, तिला आता ही सायकल नको. का नको ते बघितल्यावर कळलं. गुलाबी आहे. पुढे टोपली, हँडलला दोन्हीकडे झिरमिळ्या, आणि चेनच्या कव्हरवर हसणारं मांजर.

मी सातवीत असताना सायकल चालवायची. आता सदतीस वय. अंगणात एक फेरी मारली, दुसऱ्या फेरीला शेवग्याला धडकले.

सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. शेजारच्या पुतळीकाकूंना बोलावून त्यांनाही बसवलं.

“पेणला जाणार हिच्यावरनं?” काकूंनी विचारलं.

“जाईल की. शेवगा सोडला तर जाईल,” म्हातारी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “पाय जमिनीवर ठेवाय दिलेत गो देवानं. असे हवेत गरगरा फिरवाय नाय.”

अठ्ठावन्न वर्षांची बाई. निम्मं आयुष्य मिठागरात पाट्या वाहिल्या, निम्मं भातात. तिला काय सांगायचं? मी तिसरी फेरी मारली. शेवग्याच्या बाजूला गेलेच नाही.

१९ मे, सोमवार

पहिला दिवस. अकरा किलोमीटरला एक तास पंचवीस मिनिटं. साडेसहाला निघाले तरी उन्हाने डोकं तापलं. वाटेत कुत्री पाच, त्यातलं एक खरंच धावलं. एका ट्रकवाल्याने इतका मोठा हॉर्न दिला की मी उतरून हात जोडले.

हैबतशेठ दारातच उभे. “ताप आलाय का तुला?”

“नाही शेठ. सायकलने आले.”

“कुणाच्या?”

आखणीला बसले आणि ब्रश धरला तर हात थरथरतोय! तासभर हँडल आवळून धरलं होतं ना. पहिल्याच मूर्तीची डाव्या डोळ्याची पापणी कानाकडे निघाली. पुसली. चहा घेतला. पुन्हा आखली, पुन्हा पुसली. नऊ वाजता कुठे बोटं जाग्यावर आली. किमया बघत होती. ती चोवीस वर्षांची आहे आणि तिचा हात दगडासारखा स्थिर. तिची नजर माझ्या जागेवर आहे हे मला आजच कळलं.

२६ मे, सोमवार

तीन दिवस हवा कोंदलेली. पदर पिळून काढावा इतका घाम. एका मूर्तीची बुबुळं चुकली. हैबतशेठ तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग डावीकडे सरकले, मग उजवीकडे.

“अनिता, हा देव शेजारच्याकडे बघतोय.”

“पुसते शेठ.”

“पूस. नायतर घेणाऱ्याला वाटेल, आपल्या घरी यायची याची इच्छा नाय.”

घरी आले तर सासूबाईंनी सायकल धुवून ठेवलेली. मला जरा बरं वाटलं. पण म्हणाल्या, “दारात धुळीची वस्तू नको, म्हणून धुतली.” प्रेमाने काही करेल तर ती माझी सासू रंभाबाई कसली.

९ जून, सोमवार

पाऊस वरून पडतो असं लोक समजतात. सायकलवाल्याला तो समोरून येतो, आणि शेजारून ट्रक गेला की खालून. रेनकोट घातला तर आत घामाने भिजते, काढला तर बाहेरून. शेवटी साडी पिशवीत, अंगावर जुना पंजाबी ड्रेस, कारखान्यात जाऊन कपडे बदलायचे असं ठरवलं. डोक्याला प्लास्टिकची पिशवी, सीटला दुसरी. आरशात बघितलं तर दुकानातून घरी नेत असलेल्या वस्तूसारखी दिसत होते.

पण एक गोष्ट आहे. सकाळी वारा पाठचा असतो. खाडीकडून येतो आणि मला पेणकडे ढकलतो. आज पंचावन्न मिनिटांत पोचले. संध्याकाळी तोच वारा तोंडावर. दोन पाय पुढे, एक मागे असं घरी येते.

रात्री जेवताना सासूबाई एकदम म्हणाल्या, “पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतं का गो?”

“मागचा आधी दाबायचा, आई.”

“आणि वळताना? नुसतं हँडल फिरवायचं की अंगपण?”

“अंगपण थोडं.”

“हं.” मग भात कालवत बसल्या. मी कधी पडते याचीच वाट बघतायत बहुतेक.

२३ जून, सोमवार

कुणीतरी माझ्या सायकलला हात लावतं. सीट दोन बोटं खाली केलेली. सकाळी बसले तर गुडघे हनुवटीला! शिवाय डाव्या पेडलला चिखल, तो आमच्या रस्त्याचा नाही. लाल आहे, शाळेच्या मैदानाचा.

घरात माणसं तीन. सासूबाई रोज दिवेलागणीला पुतळीकाकूंकडे पोथी ऐकायला जातात, तासभर घरात नसतातच. उरला विशाल. तो या आठवड्यात पहिल्या शिफ्टला आहे, म्हणजे संध्याकाळी मोकळा.

२४ जून, मंगळवार

विशालला सरळ विचारलं. “मला सगळं कळलंय. संध्याकाळी कुठे जाता?”

त्याचा चेहरा पांढरा पडला. “कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला पाहिजे? पुरावा आहे.”

“दिवसाला दोनच ओढतो. शप्पत. पुलाजवळच्या टपरीवर.”

सिगारेट! चार वर्षांपूर्वी सोडली म्हणून मी देवीला नारळ वाहिला होता. असा भडका उडाला की सायकलचं विचारायचंच राहिलं. सासूबाई नेमक्या तेव्हाच पोथीहून आल्या, घामाघूम, आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त बोलल्या. या एका बाबतीत म्हातारीची आणि माझी मतं जुळली. अंथरुणावर पडल्यावर आठवलं, टपरी तर हाकेच्या अंतरावर. तिथे जायला त्याला सायकल कशाला लागेल? तरी पण संशय त्याच्यावरच.

३ जुलै, गुरुवार

सीट पुन्हा खाली. मी वर करते, तो खाली करतो. तोंडाने कुणी काही बोलत नाही. मात्र चाकात हवा रोज टच्च, आणि चेनला तेल. खोबरेल आहे, वासावरून कळलं. मी मनात म्हटलं, असू दे, सिगारेटच्या बदल्यात सेवा करतोय.

सासूबाईंचा गुडघा फुटलाय. ओट्यावरून पडल्या म्हणाल्या. हळद लावून दिली. पोटरीवर काळे तेलकट पट्टेपण होते, ते काय विचारलं तर “चुलीची काजळी.” घरात गॅस येऊन किती वर्षं झाली, पण म्हातारीशी कोण वाद घालणार? आता वय झालं, जपायला पाहिजे. मी सांगितलं, “आई, काही दिवस पोथीला जाऊ नका. अंधारात पाय घसरेल.”

“पोथी आता रंगात आलीय गो,” म्हणाल्या.

२० जुलै, रविवार

हंगामात रविवार नसतो. पहाटेपासून झड. वडखळच्या अलीकडे रस्त्यावर पाणी होतं, पोटऱ्यांपर्यंत. सायकल हातात धरून चालले. एक म्हैस शेजारून चालत होती, तिने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि नंतर ओळख असल्यासारखी सोबत केली.

खरं लिहायचं तर आज वाटलं, कशासाठी हे? मोकळं रान, कुणी ऐकायला नाही, म्हणून जरा रडले. पावसात रडायचं एक बरं असतं, तोंड पुसावं लागत नाही. मग पाणी ओसरलं, पुन्हा बसले. पायांना आता वाट पाठ झालीय, ते माझं ऐकत नाहीत.

४ ऑगस्ट, सोमवार

दोनशे दहा मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या आहेत. मांडण्यांवर रांगेने. दिवसभर दोनशे दहा आंधळ्या देवांसमोर बसते.

हैबतशेठ म्हणाले, “अनिता, सकाळचा तास तुझा वाया जातो. हात बसेपर्यंत नऊ वाजतात. मी किमयाला आखणी द्यावी म्हणतो. तू सोनेरी कर.”

“आठ दिवस द्या शेठ.”

“आठच.”

किमया खाली मान घालून ब्रश धूत होती. हसत असणार.

११ ऑगस्ट, सोमवार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर कोंबडीचं.

सकाळी पाण्याखाली खड्डा होता. पुढचं चाक त्यात, मी टोपलीवरून पलीकडे. उजवा हात टेकला आणि मनगटात कळ आली. त्याच हाताने सायकल ढकलत कारखान्यात गेले, कारण मागे फिरायचं सुचलंच नाही. शेठ स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेले. हाड शाबूत आहे. मुरगळलंय. पट्टी बांधली. ब्रेक धरायचा नाही, वजन उचलायचं नाही, आठवडाभराने बघू.

परत येताना शेठ बोटांवर दिवस मोजत होते. मीपण मोजले. चतुर्थीला सोळा दिवस.

घरी सांगितलं, आता संपलं. विशाल म्हणाला, सुट्टी काढून सोडतो. पण सगळ्यांनाच गणपतीची सुट्टी हवी, आत्ता कोण देणार? सासूबाई आज पोथीलासुद्धा गेल्या नाहीत. लवकर झोपल्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहिलं पाहिजे. वेळ लागला तरी.

सहाला उठले तर म्हातारी अंगणात. काष्टा घट्ट मारलेला, डोक्याला टॉवेल, हातात माझी सायकल. सीट खाली.

“बस मागं,” म्हणाली.

“कशावर?”

“कॅरिअरवर. गोणपाट बांधलंय, टोचायचं नाय.”

“आई, तुम्हाला कुठे येते?”

“तू काय रोज पोथी ऐकत होती समजलीस? पुतळीला वाचाय येतं का?”

पुतळीकाकू कुंपणाच्या पलीकडे उभ्या होत्या. अभिमानाने म्हणाल्या, “पाठी मीच धरायची. शाळेच्या मैदानात. पयल्या आठवड्यात माझ्याच अंगावर पडली.”

मला आधीपासून संशय होताच. फक्त वहीत लिहिला नव्हता.

बसले. फाट्यापर्यंत दोनदा पडलो. दोन्ही वेळा मी मऊ चिखलात आणि म्हातारी पायांवर उभी. तिसऱ्यांदा तिने पेडलवर असा जोर दिला की सायकल कण्हली आणि निघाली. मिठाच्या पाट्या वाहिलेले पाय ते. हायवेच्या कडेला आलो. पाऊस बारीक होता. मी छत्री मिटून घेतली तर ओरडली, “मिटतेस कशाला? उघड! वारा पाठचा हाय. ढकलू दे.”

मी डाव्या हाताने छत्री पाठीमागे धरली. वारा भरला, आणि आम्ही दोघी, मांजराच्या चित्रासकट, अशा सुटलो की एक रिक्षा मागे पडली. रिक्षावाला थांबून बघत राहिला. ट्रकवाल्याने हॉर्न दिला तर म्हातारीने मागे न बघता हात वर केला, जसा काही तिलाच मान दिला.

वडखळच्या पुढे दम खायला थांबलो. मी विचारलं, “आई, शिकायचं मनात कसं आलं?”

पदराने तोंड पुसत म्हणाल्या, “तू रोज जायचीस. मी बांधावरनं बघायची. वळणापर्यंत दिसायचीस, मग नाय. वाटायचं, त्या वळणाच्या पलीकडं मी कधी माझ्या मनानं गेलेच नाय. कुणी नेलं तर गेले.” मग लगेच, “चल बस. उशीर झाला तर तुझा शेट तोंड फिरवंल.”

आठला पाच कमी होती.

१३ ऑगस्ट, बुधवार

माझा हात गळ्यात. मी किमयाच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि कसं आखायचं ते सांगायला लागले. तिने ब्रश उचलला आणि दगडासारखा तिचा हात पानासारखा थरथरला. पापणी काढलीच नाही. डोळ्यांतून पाणी.

“ताई, मला नको हे. सोनेरी चुकलं तर पुसता येतं. हे चुकलं तर तो माझ्याकडे बघत राहील. मी शेठना कधीचं सांगतेय, ताईंनाच ठेवा.”

“कधीपासून?”

“तुम्ही सायकलने यायला लागलात तेव्हापासून. सकाळी तुमच्या पुसलेल्या मूर्ती मी मागच्या रांगेत लावायची, शेठना दिसू नयेत म्हणून.”

मी स्टूल आणखी जवळ ओढलं. तिचा हात धरला, डाव्या हाताने. दोघींनी मिळून पहिला डोळा आखला. जमला. दुसरा तिने एकटीने. संध्याकाळपर्यंत नऊ मूर्ती.

तेवढ्या वेळात सासूबाईंनी कारखाना ताब्यात घेतला होता. माझी वाट बघत नुसतं बसायचं कसं, म्हणून त्यांनी पाठवायच्या मूर्तींभोवती पेंढा बांधायला घेतला, मग बांधणाऱ्या दोघांना नीट बांधत नाही म्हणून उठवलं, मग शेठना सांगितलं की दारातल्या मोठ्या मूर्तीची सोंड जाड झालीय. शेठ म्हणाले, “होय बाई.” त्यांना कुणाला ‘होय’ म्हणताना मी नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

दोन दिवस एवढा पाऊस की शेठनी आम्हा दोघींना कारखान्यातच राहायला सांगितलं. आज उघडीप.

सकाळी पट्टी सोडली. भीत भीत ब्रश धरला. पापणी एका दमात. दुसरी एका दमात. हात जराही हलेना! तेव्हा लक्षात आलं, आठवडाभर मी हँडलच धरलेलं नाही. हँडल म्हातारीने धरलं, म्हणून माझी बोटं शांत. सव्वाआठला तीन मूर्ती झाल्या होत्या. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने किमया, तिला आता भीती वाटत नाही. शेठ येऊन उभे राहिले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, आणि चहा पाठवला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी तीनला शेवटची मूर्ती टेम्पोत चढली. मांडण्या रिकाम्या. एवढी जागा आहे हे विसरलेच होते. शेठनी सासूबाईंना विचारलं, “बाई, पुढच्या हंगामाला याल ना?” म्हातारी म्हणाली, “बघू. सोंड बारीक करणार असाल तर.”

येताना वारा तोंडावर. मीच म्हटलं, आता मी चालवते. अर्धी वाट मी, अर्धी त्यांनी. मागे बसून सतत सूचना देतात. पुढचा ब्रेक आधी दाबू नको म्हणून मलाच शिकवलं.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी उठले तर सायकल नाही. सासूबाईही नाहीत. चुलीजवळ, म्हणजे गॅसजवळ, भाकरी झाकून ठेवलेल्या. पुतळीकाकूंना विचारलं तर त्या पोथीची शपथ घेतलीय म्हणून गप्प. मी नऊची एसटी धरली. हंगाम संपल्यावर शेठ तोंड फिरवत नाहीत.

साडेअकराला फोन आला. अनोळखी माणूस. “नागोठण्यातनं बोलतोय, सायकलच्या दुकानातनं. तुमच्या सासूबाई हायत इथं. घाबरू नका, पंक्चर हाय फक्त.”

मग त्यांचा आवाज. “अनिता, मी अष्टमीला चाललेय. मैनाकडं.”

मैनामावशी म्हणजे त्यांची थोरली बहीण, रोह्याजवळ अष्टमीला राहते. चार वर्षांत भेट नाही. दर वेळी विशालला सुट्टी नसते, किंवा गाडीला काहीतरी झालेलं असतं.

“आई, अजून बरंच लांब आहे. मध्ये चढ आहे. यांना पाठवू का?”

“कशाला? त्याला कुठं सायकल येते?”

हे मला बारा वर्षांच्या संसारात माहीत नव्हतं.

क्षणभर वाटलं, परत फिरा म्हणावं. जिभेवर आलं होतं. मग म्हटलं, “चढाला उतरून चाला. लाज धरू नका. आणि घोट घोट पाणी प्या.”

“ठाव हाय,” म्हणाल्या आणि फोन त्या माणसाला दिला.

दिवसभर एक काम नीट झालं नाही. किमयाने तीन वेळा विचारलं, आला का फोन? पावणेपाचला आला. मैनामावशी. आधी बराच वेळ नुसती हसत होती, का रडत होती, कळेना. मग म्हणाली, “अगो, दारात गुलाबी सायकल बघून मला वाटलं कुणाची पोर आली. ही उतरली! आल्या आल्या दीड तांब्या पाणी प्यायली आणि आता गल्लीतल्या बायकांना चेन दाखवतेय.”

विशाल शिफ्टवरून आला. त्याला सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसून राहिला. सायकलचं विचारलं तर म्हणाला, लहानपणी पडला, तेव्हापासून बसलाच नाही. उद्या मला कामावर सोडतो म्हणाला, दुसरी शिफ्ट आहे. सिगारेटचा वास नव्हता, मी जवळ जाऊन बघितलं.

“आई परत कधी येणार?” त्याने विचारलं.

“काही बोलल्या नाहीत,” मी म्हटलं. “वारा बघून येतील.”